मुदत वाढली म्हणजे नेमके काय वाढले?

“मुदत वाढली आहे ना, मग आता घाई कशाला?” २०२५ च्या जून-जुलै महिन्यांत मुदतठेवीच्या व्याजाचा दाखला न्यायला शाखेत येणाऱ्या खातेदारांच्या तोंडी हे वाक्य हमखास असायचे. त्याला कारणही होते. २७ मे २०२५ रोजी केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाने जाहीर केले होते की, ज्यांच्या हिशेबांचे लेखापरीक्षण करावे लागत नाही अशा करदात्यांना आयकर विवरणपत्र भरण्यासाठी ३१ जुलैऐवजी १५ सप्टेंबरपर्यंत वेळ मिळेल. पगारदार, निवृत्तिवेतनधारक, ठेवींच्या व्याजावर घर चालवणारे, एखाद्या खोलीचे भाडे घेणारे असे आपले बहुतेक सगळे खातेदार याच गटात मोडतात. दीड महिना हातात आला आणि अनेकांनी फाइल पुन्हा कपाटात ठेवून दिली.

त्या परिपत्रकाने विवरणपत्र दाखल करण्याची तारीख पुढे नेली होती. ज्यांचा काही कर भरायचा राहिला होता, त्यांचे त्या करावरचे व्याज १ एप्रिलपासून चढू लागले होते आणि ते मुदतवाढीने थांबले नाही. हा फरक कळला नाही, तर मुदतवाढ फायद्याची वाटते आणि प्रत्यक्षात खिशातून पैसे जातात. फरक समजला, तर तीच मुदतवाढ शांतपणे, चुका न करता विवरणपत्र भरायला उपयोगी पडते.

मुदत वाढवतो कोण?

आपल्या आयकर कायद्यात व्यक्तीला अर्ज करून विवरणपत्राची मुदत वाढवून घेण्याची सोय नाही. अमेरिकेत आहे. ज्यांची मुले तिकडे नोकरीला आहेत त्यांनी ‘एक्स्टेन्शन भरले’ असे फोनवर ऐकले असेल. तिथे फॉर्म ४८६८ भरला की विवरणपत्रासाठी ऑक्टोबरपर्यंत वेळ मिळतो, कर मात्र एप्रिलमध्येच भरावा लागतो. आपल्याकडे असा फॉर्मच नाही. बँकेचा व्यवस्थापक, सीए किंवा कार्यालयातला अकाउंट्स विभाग, कोणीही तुम्हाला चार दिवस जास्त देऊ शकत नाही. तुम्ही आजारी होता, गावी होता, कागद वेळेवर मिळाले नाहीत, ही कारणे खरी असली तरी त्यामुळे देय तारीख बदलत नाही.

तारीख बदलते ती केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाच्या आदेशाने. आयकर कायदा १९६१ च्या कलम ११९ ने मंडळाला हा अधिकार दिला आहे. आदेश निघतो तो करदात्यांच्या एखाद्या पूर्ण वर्गासाठी किंवा एखाद्या प्रदेशासाठी. २०१८ मध्ये देशभर तारीख ३१ ऑगस्ट होती, पण केरळमध्ये महापूर आल्यामुळे तिथल्या करदात्यांसाठी ती १५ सप्टेंबर करण्यात आली. करोनाच्या काळात, करनिर्धारण वर्ष २०२०-२१ साठी तारीख टप्प्याटप्प्याने थेट १० जानेवारी २०२१ पर्यंत गेली आणि पुढच्या वर्षी ३१ डिसेंबर २०२१ पर्यंत.

आणि मग २०२२, २०२३ आणि २०२४ अशी सलग तीन वर्षे ३१ जुलैची तारीख जराही हलली नाही. दोन वर्षांच्या सवयीने ‘वाढवतातच शेवटी’ असे म्हणत थांबलेल्यांना त्या वर्षी विलंब शुल्क भरावे लागले. ३१ जुलै २०२४ या एकाच दिवशी जवळपास ७० लाख विवरणपत्रे दाखल झाली. इतके लोक शेवटच्या दिवशी एकाच दारातून आत शिरत असतील तर संकेतस्थळ मंदावले, ओटीपी उशिरा आला, यात नवल ते काय?

२०२५ मधला शेवट तर लक्षात ठेवण्यासारखा आहे. १४ सप्टेंबरला व्हॉट्सअ‍ॅपवर एक पत्रक फिरू लागले: मुदत ३० सप्टेंबरपर्यंत वाढली. आयकर विभागाने त्याच दिवशी ते खोटे असल्याचे जाहीर केले. १५ सप्टेंबरला अग्रिम कराच्या दुसऱ्या हप्त्याचीही शेवटची तारीख होती, त्यामुळे संकेतस्थळावर दुहेरी भार आला. अखेर त्या रात्री उशिरा मंडळाने मुदत वाढवली, ती फक्त एका दिवसाची, १६ सप्टेंबरपर्यंत. खोट्या पत्रकावर विसंबून जे निवांत राहिले, ते त्या एका दिवसालाही मुकले असणार.

आणखी एक गोंधळ दरवर्षी होतो. ऑक्टोबरच्या शेवटी बातमी येते की विवरणपत्राची मुदत वाढली. २०२५ मध्येही आली: ३१ ऑक्टोबरऐवजी १० डिसेंबर. ती होती ज्यांच्या हिशेबांचे लेखापरीक्षण सक्तीचे असते अशा करदात्यांसाठी, म्हणजे प्रामुख्याने व्यापारी, कंपन्या आणि मोठे व्यावसायिक यांच्यासाठी. पगारदार माणसाने ती आपल्यासाठी समजली तर त्याची गाडी कधीच सुटलेली असते. म्हणून बातमीचा मथळा वाचून थांबू नका. तारीख कोणत्या करदात्यांसाठी वाढली आणि कोणत्या करनिर्धारण वर्षासाठी, हे दोन प्रश्न विचारा. उत्तर आयकर विभागाच्या अधिकृत संकेतस्थळावरच्या परिपत्रकात असते, आणि संकेतस्थळाचा पत्ता ‘गव्ह डॉट इन’ ने संपतो. मुदतवाढीच्या संदेशासोबत एखादी लिंक आली आणि ती खाते क्रमांक किंवा ओटीपी मागत असेल, तर तिचा तुमच्या कराशी काही संबंध नाही. असा संदेश पुढे पाठवू नका.

वाढलेल्या मुदतीतले व्याज

आता पैशांकडे वळू. आकडे आर्थिक वर्ष २०२४-२५ चे, म्हणजे करनिर्धारण वर्ष २०२५-२६ चे घेतले आहेत.

समजा, एक खातेदार नोकरी करतात, वय ५२. प्रमाणित वजावटीनंतर पगाराचे उत्पन्न १२,५०,००० रुपये. नव्या करप्रणालीनुसार यावरचा कर उपकरासह ९३,६०० रुपये होतो आणि तो कार्यालयाने पगारातून कापला आहे. शिवाय आमच्यासारख्या एखाद्या बँकेत त्यांच्या मुदतठेवी आहेत. त्यावर वर्षभरात १,५०,००० रुपये व्याज झाले. बँकेने त्यावर १० टक्के, म्हणजे १५,००० रुपये टीडीएस कापला. खातेदारांची समजूत अशी की कर कापला, विषय संपला. पण त्यांचे हे व्याज २० टक्क्यांच्या टप्प्यात येते. त्यावरचा कर उपकरासह ३१,२०० रुपये. १५,००० कापले गेले, १६,२०० रुपये भरायचे राहिले.

हिशेबाने भरायचा राहिलेला कर १०,००० रुपये किंवा त्याहून जास्त असेल, तर तो त्याच वर्षात हप्त्याहप्त्याने अग्रिम कर म्हणून भरायचा असतो. तसा भरला नाही तर कलम २३४ ब नुसार १ एप्रिलपासून दरमहा १ टक्का व्याज लागते. आपल्या खातेदारांना दरमहा १६२ रुपये. महिन्याचा एक दिवस उलटला तरी पूर्ण महिना धरतात: ३१ ऑगस्टला पैसे भरले तर पाच महिने, १ सप्टेंबरला भरले तर सहा. त्यांनी २० जूनला पैसे भरले असते तर ४८६ रुपये व्याज झाले असते. १५ सप्टेंबरपर्यंत थांबले, म्हणून ९७२ झाले. हप्ते चुकल्याबद्दल कलम २३४ क चे व्याज वेगळे. ते ३१ मार्चलाच ठरून गेलेले असते आणि पुढच्या कोणत्याही मुदतवाढीने ना वाढते ना कमी होते.

रक्कम फार मोठी नाही, हे मान्य. पण दरमहा १ टक्का म्हणजे वर्षाला १२ टक्के. बचत खात्यावर मिळणारे व्याज याच्या जवळपासही जात नाही, आणि मुदतठेवीसुद्धा इतके देत नाही. कराचे पैसे खात्यात ठेवून मुदतवाढीचा ‘फायदा’ घेणे हा निव्वळ तोट्याचा व्यवहार आहे.

यावर साधा उपाय असा: विवरणपत्र भरायला वेळ लागणार असेल तरी कर आधी भरून टाकावा. संकेतस्थळावरील ‘ई-पे टॅक्स’ मधून स्वयंनिर्धारण कर भरता येतो, त्यासाठी विवरणपत्र तयार असण्याची गरज नसते. पैसे भरले त्या महिन्यात व्याजाचे मीटर थांबते, आणि विवरणपत्र सवडीने, मुदतीच्या आत भरता येते. चलन भरताना एका गोष्टीकडे मात्र नीट पाहा. आर्थिक वर्ष २०२४-२५ चा कर भरताना करनिर्धारण वर्ष २०२५-२६ निवडायचे असते. घाईत लोक २०२४-२५ निवडतात, पैसे भलत्याच वर्षाच्या खात्यात जमा होतात आणि मग चलनदुरुस्तीसाठी खेपा सुरू होतात. बँकेत बसून मी जी चलने पाहते, त्यातली सर्वांत नेहमीची चूक हीच.

ज्येष्ठ नागरिकांना इथे खरी सवलत आहे. भारतात राहणाऱ्या, ६० वर्षे किंवा त्याहून जास्त वयाच्या आणि धंदा-व्यवसायाचे उत्पन्न नसलेल्या व्यक्तीला अग्रिम कर भरावाच लागत नाही. त्यामुळे वरच्या उदाहरणातले खातेदार ६२ वर्षांचे निवृत्त गृहस्थ असते, तर कलम २३४ ब चे एक रुपयाही व्याज लागले नसते. त्यांनी देय तारखेच्या आत कर आणि विवरणपत्र भरले की झाले.

देय तारीख उलटली की मात्र सगळ्यांनाच कलम २३४ अ लागू होते: राहिलेल्या करावर दरमहा आणखी १ टक्का. इथे मुदतवाढीचा उपयोग होतो, कारण हे व्याज वाढलेल्या तारखेनंतर मोजायला सुरुवात होते. पण हेही दरवेळी गृहीत धरू नका. करोनाच्या काळातल्या मुदतवाढीत मंडळाने अट घातली होती की, भरायचा राहिलेला कर १ लाख रुपयांपेक्षा जास्त असेल तर २३४ अ चे व्याज मूळ तारखेपासूनच लागेल. कोणत्या मुदतवाढीत कोणती अट आहे, हे त्या त्या परिपत्रकातच कळते.

तारीख चुकली तर

वरचे ५२ वर्षांचे खातेदार १६ सप्टेंबरही चुकले आणि त्यांनी २० डिसेंबर २०२५ रोजी कर आणि विवरणपत्र दोन्ही भरले असे धरू. २३४ अ चे चार महिन्यांचे ६४८ रुपये, २३४ ब चे नऊ महिन्यांचे १,४५८ रुपये आणि कलम २३४ फ चे विलंब शुल्क ५,००० रुपये. एकूण ७,१०६ रुपये, तेही १६,२०० रुपयांच्या करापायी. एकूण उत्पन्न ५ लाखांपर्यंत असेल तर हे शुल्क १,००० रुपये असते. विवरणपत्र भरणे ज्यांना कायद्याने बंधनकारकच नाही, त्यांना शुल्क नाही.

शुल्क निदान दिसते तरी. न दिसणारे नुकसान मोठे असते, आणि त्याविषयी फार कमी लोक बोलतात.

नवी करप्रणाली आता मूळ प्रणाली झाली आहे. जुन्या प्रणालीत कर कमी बसत असेल आणि तुमचे धंदा-व्यवसायाचे उत्पन्न नसेल, तर विवरणपत्रातच तसा पर्याय निवडता येतो, पण विवरणपत्र देय तारखेच्या आत भरले असेल तरच. उशिराच्या विवरणपत्रात तो पर्याय उरत नाही. गृहकर्ज घेतलेल्या एका पगारदाराचे उदाहरण घ्या. पगार १०,००,००० रुपये. जुन्या प्रणालीत प्रमाणित वजावट ५०,०००, पीपीएफ आणि विमा हप्त्यांचे १,५०,०००, गृहकर्जाच्या व्याजाचे २,००,०००, आरोग्य विम्याचे २५,०००. करपात्र उत्पन्न ५,७५,००० आणि कर २८,६०० रुपये. कार्यालयानेही तितकाच कापला. विवरणपत्र उशिरा भरले की नवी प्रणाली लागू: ७५,००० ची प्रमाणित वजावट जाऊन करपात्र उत्पन्न ९,२५,००० आणि कर ४४,२०० रुपये. फरक १५,६०० रुपये, शिवाय शुल्क ५,००० आणि वर व्याज. वर्षभर काटकसर करून पीपीएफमध्ये पैसे टाकले, हप्ते वेळेवर फेडले, आणि एका तारखेने त्यावरची करसवलत गेली. या माणसाला देय तारखेत अजिबात कर भरायचा नव्हता. म्हणूनच ‘माझा तर कर आधीच कापला गेलाय, उशीर झाला तर काय बिघडते?’ असे म्हणणाऱ्यांना मी हेच उदाहरण कागदावर मांडून दाखवते. धंदा-व्यवसायाचे उत्पन्न असलेल्यांसाठी फॉर्म १०-आयईए वेगळा आणि तोही देय तारखेच्या आतच.

शेअर किंवा म्युच्युअल फंड विकून तोटा झाला असेल, तर तो पुढच्या वर्षांच्या नफ्यातून वजा करण्यासाठी पुढे ओढता येतो. त्यालाही अट तीच: वेळेत विवरणपत्र. घराच्या मालमत्तेखालचा तोटा मात्र उशिराच्या विवरणपत्रातही पुढे नेता येतो.

आता ज्यांना सरकारकडून पैसे परत मिळायचे असतात त्यांच्याविषयी. निवृत्त शिक्षिका, निवृत्तिवेतन वर्षाला ३,६०,००० रुपये, ठेवींचे व्याज ९०,०००. बँकेने ९,००० टीडीएस कापला. नव्या प्रणालीत प्रमाणित वजावटीनंतर उत्पन्न ३,७५,००० आणि कलम ८७ अ च्या सूटीमुळे कर शून्य. पूर्ण ९,००० परत मिळायला हवेत. वेळेत विवरणपत्र भरले तर परताव्यावर १ एप्रिलपासून दरमहा अर्धा टक्का, म्हणजे ४५ रुपये, व्याजही मिळते. उशिरा भरले तर हे व्याज विवरणपत्र भरल्याच्या तारखेपासूनच मोजतात, आणि १,००० रुपये शुल्क जाते ते वेगळेच. खरे तर बाईंनी एप्रिलमध्ये फॉर्म १५ एच दिला असता तर टीडीएस कापलाच गेला नसता. कर शून्य येत असेल तर ज्येष्ठ नागरिकांना तो देता येतो. पण हा फॉर्म दरवर्षी नव्याने द्यावा लागतो, आणि नेमका तोच राहून जातो.

थांबायचे किती?

कर भरायला उशीर नको, असे मी म्हणते आहे. विवरणपत्र मात्र एप्रिलमध्ये भरण्यातही शहाणपण नाही. बँका आणि कार्यालये जानेवारी ते मार्च या तिमाहीच्या टीडीएसचे विवरण ३१ मेपर्यंत भरतात. त्यानंतर तो तुमच्या फॉर्म २६ एएस मध्ये दिसू लागतो. कार्यालयाचा फॉर्म १६ आणि बँकेचा फॉर्म १६ अ हे १५ जूनपर्यंत मिळतात. त्याआधी विवरणपत्र भरले तर टीडीएस जुळत नाही आणि नोटीस येते. २०२५ ची मुदतवाढ देताना मंडळाने जी कारणे सांगितली, त्यात फॉर्ममधले मोठे बदल आणि संगणक प्रणालीच्या तयारीला लागणारा वेळ यांबरोबर हेही होते की टीडीएसच्या नोंदी जूनच्या सुरुवातीला दिसू लागतात. म्हणजे जूनच्या उत्तरार्धापासून जुलैच्या मध्यापर्यंतचा काळ सर्वांत सोयीचा. मुदत वाढो वा न वाढो, तो दरवर्षी आपल्या हातात असतो.

फॉर्म २६ एएस बरोबर वार्षिक माहिती विवरण, म्हणजे एआयएस, उघडून पाहा. दुसऱ्या बँकेतली विसरलेली छोटी ठेव, बचत खात्याचे व्याज, लाभांश, सगळे तिथे असते. एकत्रित व्याज मिळणाऱ्या ठेवीवर पैसे शेवटी हातात येतात, पण बँक दरवर्षी जमा झालेल्या व्याजाची नोंद कळवते आणि टीडीएसही कापते. ‘मला तर अजून एक रुपयाही मिळाला नाही’ हे उत्तर तिथे चालत नाही.

एक प्रश्न मला जवळजवळ प्रत्येक मुदतवाढीत विचारला जातो: “तारीख वाढली, तर आता पीपीएफ भरला तर मागच्या वर्षात धरतील का?” नाही. विवरणपत्राची तारीख वाढल्याने गुंतवणुकीची तारीख वाढत नाही, ती ३१ मार्चच राहते. याला अपवाद झाला तो करोनाच्या वर्षी, तेव्हा आर्थिक वर्ष २०१९-२० च्या करबचतीच्या गुंतवणुकीला ३१ जुलै २०२० पर्यंत वेळ दिला होता, आणि त्यासाठी वेगळी अधिसूचना काढावी लागली. १५ सप्टेंबर २०२५ चा अग्रिम कराचा हप्ताही असाच. विवरणपत्राला एक दिवस वाढवून मिळाला, हप्त्याला नाही.

विवरणपत्र ‘सबमिट’ केले की काम झाले, असेही समजू नका. ते ३० दिवसांच्या आत पडताळून द्यावे लागते: आधारच्या ओटीपीने, नेट बँकिंगने, किंवा आयटीआर-व्ही सही करून बंगळुरूच्या केंद्रीकृत प्रक्रिया केंद्राला पाठवून. ३० दिवसांत पडताळणी झाली तर सबमिट केल्याचा दिवसच विवरणपत्राची तारीख धरतात. ३० दिवस उलटले की पडताळणी झाली तो दिवस. १६ सप्टेंबरला धावतपळत भरलेले विवरणपत्र असे नोव्हेंबरमध्ये पडताळले, तर ते उशिराचे ठरते, आणि वरचे सगळे शुल्क आणि तोटे त्याला लागतात. बँक खाते संकेतस्थळावर आधीच प्रमाणित करून ठेवा, खात्यावरचे नाव आणि पॅनवरचे नाव सारखे आहे ना, तेही पाहा. परतावा अडकण्याचे हे सर्वांत किरकोळ आणि सर्वांत सामान्य कारण आहे.

३१ डिसेंबरनंतर

देय तारीख चुकली तरी उशिराचे विवरणपत्र करनिर्धारण वर्षाच्या ३१ डिसेंबरपर्यंत भरता येते. आर्थिक वर्ष २०२४-२५ साठी ही तारीख ३१ डिसेंबर २०२५. आधी भरलेल्या विवरणपत्रात चूक असेल तर सुधारित विवरणपत्रही त्याच तारखेपर्यंत. हीसुद्धा कधीकधी वाढते. डिसेंबर २०२४ मध्ये कलम ८७ अ ची सूट संकेतस्थळ मागू देत नव्हते, तो वाद मुंबई उच्च न्यायालयात गेला. न्यायालयाच्या आदेशानंतर निवासी व्यक्तींसाठी ही तारीख १५ जानेवारी २०२५ झाली. पण अशा वाढीवर बेत आखणे म्हणजे पाऊस पडेल या भरवशावर पेरणी करणे.

त्यानंतर अद्ययावत विवरणपत्र, म्हणजे आयटीआर-यू, उरते. करनिर्धारण वर्ष संपल्यापासून चार वर्षांपर्यंत ते भरता येते, मात्र कर आणि व्याज यांवर आणखी २५ टक्के भरावे लागतात आणि उशीर वाढेल तसे हे ओझे ५०, ६० आणि ७० टक्क्यांपर्यंत जाते. राहून गेलेले उत्पन्न दाखवून कर भरण्यासाठी ही वाट आहे. परतावा मागण्यासाठी ती चालत नाही.

१ एप्रिल २०२६ पासून १९६१ च्या कायद्याच्या जागी आयकर कायदा २०२५ लागू. त्यात कलमांचे क्रमांक बदलतात आणि ‘करनिर्धारण वर्ष’ जाऊन ‘कर वर्ष’ हा शब्द येतो. त्यामुळे या लेखातली कलमे आणि तारखा आर्थिक वर्ष २०२४-२५ च्या विवरणपत्रापुरत्या घ्या, पुढच्या वर्षांसाठी त्या वेळचे नियम पाहा.

आजारपणामुळे किंवा घरातल्या मृत्यूमुळे वर्षच्या वर्ष निघून गेले आणि परतावा तर येणे आहे, अशांसाठी शेवटचा एक मार्ग आहे, तो म्हणजे विलंब माफीचा अर्ज. कलम ११९ मध्येच त्याची तरतूद आहे. १ ऑक्टोबर २०२४ च्या परिपत्रकानुसार करनिर्धारण वर्ष संपल्यापासून पाच वर्षांच्या आत तो करता येतो. १ कोटी रुपयांपर्यंतच्या दाव्यांवर प्रधान आयकर आयुक्त किंवा आयुक्त निर्णय घेतात, म्हणजे छोट्या बचतदाराचा दावा त्यांच्याकडेच जातो. उशीर खऱ्या अडचणीमुळे झाला हे तुम्हाला दाखवावे लागते. त्यामुळे रुग्णालयाची कागदपत्रे, मृत्यूचा दाखला, बँकेचा फॉर्म १६ अ आणि त्या वर्षाचा फॉर्म २६ एएस जपून ठेवा. अर्ज मंजूर झाला तर कापलेला कर परत मिळतो. मधल्या वर्षांचे व्याज त्यावर मिळत नाही.